जुनंच नाव, जुनाच पासवर्ड

बसा वहिनी. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडा आहे. इकडे कंदिलाजवळ या. अख्ख्या बिल्डिंगचे लाईट गेलेले असताना जिना उतरून आलात, म्हणजे काहीतरी अडलंच असणार. ताकाला येऊन भांडं कशाला लपवायचं? सांगा… काय, वायफायचा पासवर्ड?

अहो, त्यात लाजायचं काय! लेकाचं काम अर्ध्यावर अडकलंय, तुमचा वायफायचा डबा लाईटबरोबर झोपला, आणि फोनवर एकच नाव दिसतंय. आमच्या दाराशी आल्यावर ते आणखी ठसठशीत झालं, म्हणून तुम्हाला वाटलं, यांच्याकडे बॅटरीवर चालत असेल. बघू कोणतं नाव…

'आपलं घर'.

नाही, काही नाही. वात जरा वर करते, इतकंच. पासवर्ड मला तोंडपाठ आहे वहिनी, पण सांगणार नाही. राग मानू नका. आमच्या घरात वायफाय नाहीच. इथे राहायला आलो तेव्हापासून नाही. फोनसुद्धा आमचे दोघांचे साधे, बटणांचे. शेजारीपाजारी आम्हाला कंजूष म्हणतात, मला ठाऊक आहे. म्हणू देत.

ठमी आणि तिचे बाबा कोपऱ्यावर मेणबत्त्या आणायला गेलेत. अंधार पडायच्या आत या म्हणून दोनदा बजावलंय. ते येईपर्यंत तुम्ही बसाच. ते नाव बघितल्यावर आता एकटीनं बसायची माझी छाती नाही.

आधी आम्ही बैठ्या घरात राहायचो. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे मुलांचं मैदान. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि त्या आतल्या खोलीत अंथरुणाला खिळल्या. पण घराची सूत्रं सोडतील तर त्या सासूबाई कसल्या! आणि आमचे हे पडले आईवेडे. यांनी घरभर त्या स्मार्ट वस्तू बसवल्या. आईनं पडल्या जागेवरून बोलायचं आणि घरानं ऐकायचं. दिवे, पंखे, पडदे, दाराचं कुलूप, सगळं. वायफायला नाव सासूबाईंनी दिलं, पासवर्डही त्यांचाच.

सुरुवातीला मला बरं वाटलं. उठसूट हाका मारणार नाहीत, म्हटलं. मग हळूहळू लक्षात आलं की पूर्वी त्या एका खोलीत असायच्या, आता सगळ्याच खोल्यांत असतात. स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून मी बाहेर आले, की मागे तो आपोआप विझायचा आणि आतून खाकरल्याचा आवाज यायचा. मी मनातल्या मनात चरफडायचे. वाईट नव्हत्या हो. ठमीवर जीव होता त्यांचा, तो मी कसा नाकारू?

दिवस मावळला की घरातली माणसं घरात हवीत, हा त्यांचा जन्माचा नेम. हिंडत्याफिरत्या होत्या तेव्हा दारात उभ्या राहून विचारायच्या, 'सगळे आले का?' झटक्यानंतर आवाज खोल गेला, तेव्हा यांनी तेही यंत्रावर सोपवलं. अंधारून आलं की हॉलचे पडदे खाली यायचे, मागचं दार बंद व्हायचं, आणि स्पीकर त्याच्या सपाट आवाजात विचारायचा, 'सगळे आले का?' प्रत्येकानं मोठ्यानं उत्तर द्यायचं. सगळ्यांचे आवाज झाले की पुढच्या दाराला कुलूप पडायचं आणि सासूबाईंच्या खोलीतला दिवा मंद व्हायचा. ठमीला त्याचा खेळ वाटायचा. मैदानातून धापा टाकत यायची आणि चप्पल काढायच्या आत ओरडायची, 'आले!'

त्या गेल्या, त्या संध्याकाळी हे बाहेरगावी होते. स्पीकरनं विचारलं. मी आले म्हटलं, ठमी आले म्हणाली. यांचा आवाज कुठून होणार? त्यानं पुन्हा विचारलं. मग पुन्हा. पुढच्या दाराला कुलूप पडेना, आतला दिवा मंद होईना. सांगायला म्हणून मी आत गेले, की आई, ते आज यायचे नाहीत. सासूबाई दाराकडे डोळे लावून होत्या. त्या बघत नाहीयेत, हे मला जरा उशिरा कळलं.

पुढे यांनी तो प्रश्न यंत्रातून पुसून टाकला. रडत रडत पुसला. मला वाटलं, संपलं.

मग ठमीचं सुरू झालं.

अंधारून आलं, की चालू खेळ टाकून पोर घराकडे निघायची. धावत नाही हं. सरळ रेषेत, मान न वळवता, झोपेत चालावं तशी. रस्ता ओलांडताना इकडे नाही बघायची, तिकडे नाही. घरात यायची, आजीच्या खोलीत जायची, हळू आवाजात 'आले' म्हणायची आणि रिकाम्या पलंगाशी बसून राहायची. हलवलं तरी भानावर यायची नाही. हात बर्फासारखे. त्या खोलीत सासूबाईंच्या सांधेदुखीच्या मलमाचा वास यायचा, आणि मलमाच्या बाटल्या तर मी स्वतः कचऱ्यात टाकल्या होत्या.

मी तिला विचारलं, 'कोण बोलावतं ग तुला?'

म्हणाली, 'आजी. म्हणते, बाबा आले नाहीत… ते येईपर्यंत तू तरी आत थांब.'

एकदा एका गाडीनं तिच्यापासून हातभर अंतरावर ब्रेक मारला. ड्रायव्हर मला वाट्टेल ते बोलला. बोलू दिलं. मी फक्त पोरीला पोटाशी धरून उभी होते. त्या दिवशी यांना सगळं सांगितलं. हे एवढंच म्हणाले, 'आई गेली. आता तिला घरातूनही काढायचंय का तुला?' आणि तेव्हापासून हे ऑफिसातून उशिरा यायला लागले. दिवेलागणीला घरात असणंच टाळायचे.

देवच पावला म्हणायचा, जुना वायफायचा डबा बिघडला. कंपनीचा माणूस नवा घेऊन आला. त्यानं विचारलं, 'नाव काय ठेवू?' मी म्हटलं, 'काहीही ठेव, जुनं तेवढं सोडून.' का म्हटलं, ते मलाही नीट माहीत नव्हतं. पण त्या क्षणी घरातल्या सगळ्या वस्तू मुक्या झाल्या. बल्ब नुसते लुकलुकायला लागले, कुलपावरचा बारका दिवा लुकलुकायला लागला. हरवलेलं माणूस कसं प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतं, तसं. मी बाजारातून साधं कुलूप आणि साधे बल्ब आणले. त्या संध्याकाळी ठमी काळोख होईपर्यंत मैदानात खेळली. गुडघा फोडून, कुणाशी तरी भांडून, भूक भूक करत घरी आली. मी तिला चांगली फैलावर घेतली, आणि घेताना मला रडू येत होतं.

यांना मात्र चैन पडेना. रोज रात्री जेवण झालं की तेच. प्लग काढ, थोडं थांब, परत लाव. बटण दाबून धर, लुकलुकलं की सोड. एका हातात फोन घेऊन बल्बापुढे असे ताटकळत उभे राहायचे, की मला हसावं का रडावं कळायचं नाही. एकही वस्तू जोडली जाईना. शेवटी यांनी वायफायवाल्याला बोलावलं. स्वतः ऑफिसात, आणि तो भर दुपारी आमच्या दारात.

तरुण होता. उंच, हसरा, तोंडाचा पट्टा सुरू. दारातच त्यानं बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. 'तुमची फरशी खराब व्हायला नको ताई. मागच्या घरी आजींनी माझ्याकडूनच पुसून घेतली.' मला हसू आलं. म्हटलं, भला पोरगा आहे, थोडी खटपट करेल, जमत नाही म्हणेल आणि जाईल.

तो या खोलीतून त्या खोलीत फिरला. यांनी माळ्यावरून काढून ठेवलेला स्पीकर त्यानं हॉलमध्ये मांडला, जुने बल्ब आणि दाराचं जुनं कुलूप परत लावलं. मग फोनकडे बघून डोकं खाजवत म्हणाला, 'असं होत नाही कधी. या वस्तू एकदा पुसल्या की कोऱ्या व्हायला पाहिजेत. साहेबांनी पुसल्यात, मी पुसल्यात. तरी सगळ्या जुनंच नाव शोधतायत. भलत्याच हट्टी आहेत तुमच्या.'

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, माझ्या मनात आलं. तोंडानं म्हटलं, 'मग राहू दे बाबा. आम्हाला नकोच आहेत.'

'छे हो. त्या बदलत नसतील तर आपण बदलायचं. नव्या डब्याला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड द्यायचा. डबा बदललाय हे त्यांना कळतसुद्धा नाही. आपलं घर समजून आपोआप परत येतात सगळ्या.' त्याच्या धंद्यातली ही नेहमीची युक्ती असावी. फार खूश होता स्वतःवर. 'जुना पासवर्ड सांगा फक्त.'

'आठवत नाही मला.'

खोटं बोलले. पण त्यानं यांना फोन लावला आणि यांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. अडवायचं म्हटलं तर काय सांगून अडवणार? बाबा रे, माझी मेलेली सासू परत येईल? मी स्वतःची समजूत घातली, बाहेर लख्ख ऊन आहे, अंधाराला अजून पुष्कळ वेळ आहे. हा गेला की डबा उखडून टाकीन. ठमीची शाळा सुटली होती, ती समोर मैदानात झोपाळ्यावर होती. खिडकीतून मला दिसत होती.

पहिल्यांदा हॉलमधला बल्ब लागला. मग पंखा. 'आला… हा पण आला…' तो बाहेरून मला मोजून दाखवत होता. मग घरघर आवाज आला आणि हॉलचे पडदे खाली यायला लागले. भर दुपारी. बघता बघता हॉलमध्ये काळोख झाला. मागचं दार खाडकन लागलं.

'साहेब ऑफिसातून करतायत वाटतं,' तो म्हणाला. हसत होता, पण आवाज जरा खाली आला होता.

आणि मला मलमाचा वास आला.

मी खिडकीकडे वळले. मैदानात ठमी झोपाळ्यावरून उतरली होती. झोपाळा तिच्यामागे अजून हलत होता. ती फाटकातून बाहेर आली… सरळ रेषेत… मान न वळवता. वळणावरून बस येत होती. मी गजांतून ओरडले, 'ठमे, थांब!' तिच्यापर्यंत पोचलं नाही. मी पुढच्या दाराकडे धावले. तो काळोखा हॉल मला ओलांडवेना. आणि तेवढ्यात स्पीकर बोलला. पुसून टाकलेलं वाक्य.

'सगळे आले का?'

यंत्र बोललं की ही माणसं त्याच्याशी बोलतातच वहिनी. ऐकतंय की नाही, हे बघायची त्यांची सवय असते. तो पोरगा स्पीकरकडे वाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, 'हो, आलो!'

पुरुषाचा आवाज. त्या घराला, सासूबाई गेल्या त्या संध्याकाळपासून, हवा असलेला तो एकच आवाज.

पुढच्या दाराला कुलूप पडलं. आतल्या खोलीतला दिवा हळूहळू मंद झाला. मी दाराशेजारच्या काचेला तोंड लावलं. ठमी रस्त्याच्या कडेला उभी होती. बस तिच्या नाकासमोरून निघून गेली, आणि ती झोपेतून उठल्यासारखी इकडेतिकडे बघायला लागली.

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. दुसरं काही वाटायला जागाच नव्हती.

त्यानं हातानं खटका ओढून कुलूप उघडलं. 'बघा, चालायला लागलं की नाही?' असं म्हणत सामान आवरून गेला. त्याची पाठ वळताच मी डबा उखडून पाण्याच्या बादलीत बुडवला. बल्ब, स्पीकर, एकूण एक वस्तू पोत्यात भरून घराबाहेर काढली. रात्री यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं. पण ठमीचं चालणं थांबलं. कायमचं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बेल वाजली. दारात तो. बुटांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या.

'काय रे, काही विसरलास?'

त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. हळूच म्हणाला, 'आलो.' आणि उंबऱ्याशी बसून राहिला. पूर्ण काळोख झाल्यावर दचकला, ओशाळला. 'ताई… मी इथे कसा? मी तर घरी निघालो होतो…'

मग रोजच यायला लागला. घरात विजेवर चालणारी शहाणी वस्तू एक नाही, वायफाय नाही, तरी यायचा. एकदा भानावर आल्यावर मला फोन दाखवला. 'तुमचं बंद आहे ना? मग माझ्या घरी, माझ्या खोलीत हे नाव कसं दिसतं? पुसतो, तर परत येतं.' वाळत चालला होता. त्याची बायको आली एक दिवस, कडेवर तान्हं मूल. मला म्हणाली, 'काय केलंत तुम्ही त्याला? सोडा ना त्याला.' मी त्या बाईचे पाय धरायचे बाकी ठेवले. कसं सोडणार? मी कुठे धरला होता?

तेव्हा कुठे यांचे डोळे उघडले. एका संध्याकाळी हे लवकर आले, आईच्या खोलीत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, 'आई, मी आलोय ग. मी. त्याला जाऊ दे.' लहान मुलासारखे रडले. काही झालं नाही. तो पोरगा ठरल्या वेळी आला, 'आलो' म्हणाला, बसला. आईला तिचा मुलगा मिळाला होता, दुसरा तिला नको होता.

आणि मग एक दिवस तो दारापर्यंत आला नाही. आमच्या समोरच्याच रस्त्यावर गाडीखाली गेला. लोक म्हणाले, इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही, सरळ चालत आला. चेहरा मी बघितला नाही, मला बघवला नाही. पाय दिसले तेवढे. पिशव्या चढवलेले.

त्या आठवड्यात आम्ही घर सोडलं. जागा त्याची रिकामी झाली होती ना वहिनी. मोजदाद पुन्हा अपुरी. पण इतके महिने झाले, ठमी एकदासुद्धा चालली नाही. मीही मनात म्हणायला लागले होते, की सासूबाईंना हे घर माहीत नाही. आज तुम्ही ते नाव दाखवेपर्यंत.

खाली कुणी तरी केवढ्यानं ब्रेक मारला, ऐकलंत? रस्त्यावरचेही दिवे गेलेत, आणि गाड्या मात्र तशाच हाणतात.

काय झालं? तुमचा फोन… जोडला गेला? पासवर्ड न देता? बंद करा तो. नाही, बटण दाबून धरा, पूर्ण बंद करा. झाला? बरं. द्या, मी पालथा ठेवते. चला, आपण दार उघडून जिन्यात उभ्या राहू, हे दोघं येतीलच. कंदील तुम्ही धरा.

अगबाई, दाराच्या आत या तर ठमीच्या चपला. आली वाटतं, आणि मला कळलंही नाही… पण दाराला तर आतून कडी होती. मीच आत्ता काढली.

वहिनी, कंदील खाली आणा जरा. चपलांशेजारी काय आहे ते…

तुम्ही आलात तेव्हा या निळ्या पिशव्या इथे होत्या का? नीट आठवून सांगा. नव्हत्या ना?

थांबा, जिन्यात हे आहेत. अहो! एकटेच का? काय… काय म्हणताय, नीट बोला…

'ठमी वर आली ना ग? रस्त्याशी आलो आणि हात सोडवून निघाली… सरळ… मी हाका मारल्या… मग ती गाडी थांबली, लोक जमले, काळोखात काही दिसेना मला… म्हटलं, घरीच गेली असेल… आली ना ती?'

वहिनी… तुमचा फोन बंद केला होता ना आपण? मग आत हा उजेड कसला पडलाय?

'सगळे आले का?'

कुणी उत्तर देऊ नका. अहो, तुम्हीसुद्धा. तोंडातून शब्द काढू नका… मलमाचा वास येतोय…

'आले.' आतून… हा ठमीचाच आवाज.